हिरवळीचं वेळापत्रक : खत कधी, खुरपं कधी

दारापुढचं लॉन पिवळं पडू लागलं की घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो. नर्सरीतून खताची पिशवी आणायची आणि मुठीनं फेकायची. मध्येच तण डोकावलं की दुसरा उपाय, औषध मारायचं. खत आणि औषध दोन्हींना जागा आहे. पण महिना चुकला तर खत तणाच्या पोटात जातं आणि औषध गवताला बाधतं. म्हणून लॉन सांभाळताना ‘किती’ या प्रश्नाआधी ‘कधी’ हा प्रश्न सोडवावा लागतो. त्याचं उत्तर पिशवीवर छापलेलं नसतं, ते गवताच्या वाढीत सापडतं.

आपलं गवत कोणत्या जातकुळीचं?

महाराष्ट्रातल्या बंगल्यांपुढची हिरवळ बहुतेक वेळा हरळीच्या कुळातली असते. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच गवताच्या कोवळ्या शेंड्यांच्या. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करून जिच्या काशा वेचून बांधावर फेकतो ती हरळीही हीच. नर्सरीत बर्म्युडा, कोरियन, मेक्सिकन, सिलेक्शन वन अशी नावं ऐकू येतात. पानाची जाडी, मऊपणा आणि सावली सोसण्याची ताकद यांत फरक असला, तरी ही सगळी उष्ण हवामानातली गवतं आहेत.

या गवतांना साधारण २७ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. हवा १५ अंशांखाली गेली की त्यांची वाढ मंदावते. ती दोन वाटांनी पसरतात : जमिनीवरून धावणारं खोड आणि जमिनीखालून सरकणाऱ्या काशा. प्रत्येक पेऱ्यावर मूळ आणि नवा फुटवा येऊ शकतो. म्हणजे ऊन, ओल आणि अन्न मिळालं तर मोकळी जागा हे गवत स्वतःच भरून काढतं. तणनियंत्रणाचा निम्म्याहून अधिक भाग इथेच उरकतो, कारण बहुतेक तणांच्या बियांना उगवायला उजेड आणि उघडी माती लागते. दाट हिरवळीत त्यांना दोन्ही मिळत नाही.

परदेशी व्हिडिओ पाहून खतं घालणाऱ्यांची गफलत इथेच होते. इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात लॉनला केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू अशी थंड हवेतली गवतं असतात. त्यांची खरी वाढ वसंतात आणि शरदात होते, म्हणून तिथे सप्टेंबरच्या आसपासचं खत महत्त्वाचं. न्यू जर्सीतल्या मराठी घराला तर कायदाही पाळावा लागतो : २०११ च्या राज्य कायद्यानुसार घरमालकानं १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात लॉनला खत घालायचं नाही. त्यांचं वेळापत्रक त्यांच्या गवताला लागू पडतं. पुण्या-नाशिकच्या हरळीला आपला पाऊस आणि आपली थंडी बघावी लागते.

पिशवीवरचे तीन आकडे

खताच्या पिशवीवर १५:१५:१५ किंवा १९:१९:१९ असे आकडे असतात. ते अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण सांगतात. नत्रानं पान हिरवं होतं आणि वाढतं. स्फुरद मुळांच्या वाढीला लागतं, विशेषतः लॉन नव्यानं लावताना. पालाश गवताला ताण सोसायला मदत करतं : पाण्याचा, थंडीचा, पायदळीचा.

जमलेल्या लॉनला सर्वांत जास्त भूक नत्राची असते. देशावरच्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसं असतं आणि चुनखडीमुळे सामू (पीएच) साडेसात-आठच्या घरात जातो. अशा मातीत जादा घातलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं आणि गवताला फारसं मिळत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या मातीची गोष्ट उलटी आहे. ती आम्लधर्मी असते आणि मुसळधार पावसात तिच्यातून नत्र-पालाश पटकन वाहून जातं. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी माती तपासून घेणं फायद्याचं. लॉनच्या आठ-दहा ठिकाणांहून दहा सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, एकत्र कालवून, सावलीत वाळवून अर्धा किलो नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा.

मात्रेचं गणित सोपं आहे. एका वेळी दर चौरस मीटरला तीन ग्रॅम नत्र ही घरगुती लॉनसाठी मध्यम मात्रा झाली. लॉन ५०० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरचं असेल तर १४० ग्रॅमच्या आसपास नत्र हवं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून युरिया लागेल ३०० ग्रॅम. १५:१५:१५ वापरलं तर ९०० ग्रॅमच्या थोडं वर. निंबोळी पेंडीत नत्र पाच टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून ती सुमारे तीन किलो लागेल. ती सावकाश कुजते आणि सावकाशच लागू पडते. घाई नसेल तेव्हा हा दोष नसून गुण आहे.

युरियाच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळाव्यात. पान कोरडं असताना टाकायचा, समान पसरायचा आणि लगेच पाणी द्यायचं. ओल्या पानावर दाणा चिकटला की तो तिथलं पाणी ओढून घेतो आणि पान करपतं. जमिनीवर उघडा राहिला तर उष्ण, दमट हवेत त्याचा अमोनिया होऊन नत्र हवेत उडून जातं. समान पसरण्यासाठी खत चार-पाच पट कोरड्या रेतीत मिसळावं आणि दोन भाग करावेत. एक भाग लॉनच्या लांबीत चालत टाकावा, दुसरा रुंदीत. मुठीनं जागच्या जागी फेकलं की आठवड्यानं गर्द हिरवे आणि पिवळे पट्टे दिसतात, ते याच कारणानं.

फेब्रुवारी-मार्च : झोप मोडताना

थंडी सरली की गवताला जाग येते. आधी वाळलेल्या काड्यांचा थर काढायचा. दाताळ्यानं लॉन उभं-आडवं ओढलं की तपकिरी गवताचा ढीग निघतो. हा थर जाड राहिला तर पाणी आणि खत वरच अडकतात. माती पायदळीनं घट्ट झाली असेल तर बागेचा काटा सात-आठ सेंटिमीटर खोल रोवून हलवावा. हवा आणि पाणी मुळांपर्यंत जातं.

मग खत-मातीचा पातळ थर द्यायचा. पोयट्याची माती, चाळलेलं कंपोस्ट आणि थोडी रेती असं मिश्रण अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. गवताचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत. ५०० चौरस फुटांना एवढ्यासाठी सुमारे २३० लिटर मिश्रण लागतं. आठवडाभरानं वर्षातली पहिली नत्राची मात्रा द्यावी.

शेणखत वापरायचं असेल तर ते पुरतं कुजलेलं, हाताला मातीसारखं लागणारं आणि वास नसलेलं हवं. अर्धकच्च्या शेणखतातून दोन पाहुणे येतात. पहिला म्हणजे तणाचं बी. जनावराच्या पोटातून गेलेलं पुष्कळ बी जिवंत राहतं. ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत नीट तापला तरच ते मरतं. दुसरा पाहुणा हुमणी. ही पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकडी अळी मुळं कुरतडते आणि लॉनचा तुकडा गालिच्यासारखा हातात उचलून येतो. ट्रॉलीनं आणलेल्या लाल मातीतही लव्हाळ्याच्या गाठी असतात. माती ओली करून दोन-तीन आठवडे पसरून ठेवली तर काय उगवतं ते आधीच कळतं.

एप्रिल-मे : हात आखडता

उन्हाळ्यात पाणी कमी पडतं आणि नेमकं तेव्हाच ‘लॉन सुकतंय’ म्हणून युरिया टाकला जातो. नत्रानं कोवळी पानं फुटतात, ती जास्त पाणी मागतात, आणि पाणी नसलं की आधी तीच करपतात. या दोन महिन्यांत नत्र देऊ नये. कापणी उंच ठेवावी, पाणी पहाटे द्यावं. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड सावकाश, खोल पाणी दिलं तर मुळं खाली जातात. टंचाई असेल तर लॉन तपकिरी होऊ द्यावं. हरळी मरत नाही. काशांमध्ये जीव धरून राहते आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर पुन्हा फुटते.

मृगापासून श्रावणापर्यंत : स्पर्धेचा काळ

जूनमध्ये गवत आणि तण एकाच वेळी उठतात. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले, जमीन भिजून वाफसा आला की वर्षातली दुसरी मात्रा द्यावी. पण त्याआधी एक खुरपणी उरकून. क्रम उलटा केला तर नुकतं उगवलेलं तण खत खाऊन माजतं. पहिल्या पावसानंतरचे तीन आठवडे वर्षभराच्या श्रमांचं गणित ठरवतात. रोप दोन-चार पानांचं असतं, माती मऊ असते, मूळ अख्खं निघतं. हेच काम ऑगस्टवर ढकललं तर फुलं येऊन बी पडलेलं असतं.

जुलैच्या झडीत खताची पिशवी बंद ठेवावी. संततधारेत नत्र नायट्रेटच्या रूपात मुळांखाली निघून जातं. पैसा जातो आणि विहिरी-बोअरचं पाणीही बिघडतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर मोठ्या मात्रेऐवजी उघडीप बघून निम्मी-निम्मी मात्रा दिलेली बरी. पाणी साचत असेल तर आधी निचरा करावा. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि जागा शेवाळाला व लव्हाळ्याला मोकळी होते.

हस्ताचा पाऊस आणि पुढे

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिसरी मात्रा द्यावी. जमिनीत ओल असते, ऊन परतलेलं असतं आणि थंडीआधी गवताला मोकळी जागा भरायला महिना-दीड महिना मिळतो. या वेळी नत्रासोबत पालाश असलेलं मिश्रखत चांगलं. देशावर नोव्हेंबरनंतर नत्र थांबवावं. निफाडकडे कडाक्याची थंडी पडते तेव्हा गवत वाढतच नसतं, मग खाणार काय? मुंबई-कोकणात थंडी नावालाच, तिथे डिसेंबरमध्येही हलकी मात्रा चालते.

थंडीत किंवा पावसाळ्यानंतर नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती नत्राची भूक नसून लोहाची कमतरता असू शकते. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचंच. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारलं की आठवड्यात रंग सुधारतो. फरशीवर मात्र थेंब पडू देऊ नयेत, गंजाचे डाग जात नाहीत. याउलट जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्राचा विचार करावा.

तण ओळखा, मग उपटा

लॉनमधल्या तणांचे कामापुरते तीन गट करता येतात.

पहिला गट रुंद पानांचा : एकदांडी, घोळ, केना, आंबुशी, नायटी, गाजरगवत. यातली बहुतेक हातानं निघतात. पण प्रत्येकाची खोड वेगळी. घोळ उपटून तिथेच टाकली तर मांसल खोडाच्या जोरावर ती पुन्हा मूळ धरते. घोळीची भाजी चांगली लागते, मात्र औषध मारलेल्या लॉनमधली खाऊ नये. केन्याला जमिनीखालीही फुलं आणि बी धरतं आणि तुटलेल्या कांडीतून नवं झाड होतं, म्हणून तो मुळासकट आणि तुकडे न सांडता काढावा. आंबुशीची शेंग वाळली की हात लागताच बी उडवते. एकदांडीचं बी वाऱ्यावर येतं, त्यामुळे शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडेही लक्ष हवं.

गाजरगवताचा पुण्याशी जुना संबंध आहे. भारतात त्याचा उपद्रव प्रथम लक्षात आला तो १९५० च्या दशकात पुण्यात. एक झाड हजारो बिया देतं आणि अनेकांना त्याच्या स्पर्शानं त्वचेची ॲलर्जी होते. हातमोजे घालून, फुलं येण्याआधी उपटावं. पावसाळ्यात त्याची पानं खाणारे, पांढुरक्या पाठीवर काळ्या रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नये. मेक्सिकोतून आणलेले हे भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूरजवळ मुद्दाम सोडले गेले आणि पुढे देशभर पसरले. ते मुख्यतः गाजरगवतावरच जगतात.

दुसरा गट लव्हाळ्याचा. कापणीनंतर दोन दिवसांत लॉनच्या वर डोकं काढणारं चकचकीत पातं दिसलं तर देठ बोटांत फिरवून बघावा. तिकोनी लागला तर तो लव्हाळा. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते आणि बहुतेक गाठी वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्येच असतात. वरचं पातं ओढलं की तेवढंच तुटतं आणि खालच्या गाठींना फुटवे येतात. लांब पात्याच्या खुरप्यानं गाठीसकट काढावा, निघालेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नयेत. दर दोन-तीन आठवड्यांनी नवे कोंब काढत राहिलं तर गाठीतला साठा संपत जातो. दोन पावसाळे चिकाटी लागते. लव्हाळ्याला सावली मानवत नाही, म्हणून पावसाळ्यात लॉन थोडं उंच कापलं तरी त्याचा जोर कमी होतो.

तिसरा गट लॉनमध्ये घुसलेल्या इतर गवतांचा. ती कापणीत लपतात, पण पुंजका करून वाढतात आणि रंगानं वेगळी दिसतात. कणीस येण्याआधी पुंजका मुळासकट काढून तिथे लॉनचाच तुकडा बसवावा. रिकामा खड्डा सोडला तर पुन्हा तण येणार.

तण हे काही सांगतही असतं. लव्हाळा वाढला तर पाणी जास्त होतंय किंवा निचरा नाही. शेवाळ धरलं तर सावली आणि घट्ट माती. एकदांडी पसरली तर जमीन उघडी, कोरडी आणि भुकेली. कारण तसंच ठेवून तण काढलं तर ते पुढच्या महिन्यात हजर.

औषधांची जागा

घरच्या लॉनला तणनाशकाची गरज क्वचित पडते. मोठं लॉन असेल आणि हात पुरत नसतील, तर कोणतं औषध काय करतं हे तरी माहीत हवं. पेंडीमेथॅलीनसारखं औषध उगवत्या बियांची वाढ रोखतं; उभ्या तणावर त्याचा उपयोग नाही, म्हणून ते पावसाच्या तोंडावरच कामाचं. नव्यानं लावलेल्या लॉनवर ते नको, कारण नव्या मुळांनाही ते रोखतं. २,४-डी रुंद पानांच्या तणांची वाढ वेडीवाकडी करून त्यांना मारतं, गवताला सहसा सोडतं. पण वाऱ्यानं उडालेला त्याचा फवारा द्राक्ष, कापूस, टोमॅटो यांना फार बाधतो. त्याचा पंप इतर कशालाही वापरू नये. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल लव्हाळ्यावर चालतं, मात्र आपल्याकडे ते मुख्यतः ऊस-मक्यासारख्या पिकांसाठी विकलं जातं. ग्लायफोसेट तण आणि लॉन असा भेद करत नाही, जे हिरवं त्यावर पडेल ते मारतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला.

कोणतंही औषध लेबलवर लिहिलेल्या वापराबाहेर आणि मात्रेबाहेर वापरू नये. आधी कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञाला विचारावं. मुलं आणि पाळीव प्राणी ज्या हिरवळीवर लोळतात तिथे खुरपं हेच पहिलं हत्यार.

कापणी हेही खतच

एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. चार सेंटिमीटरचं लॉन राखायचं असेल तर ते सहा सेंटिमीटर होताच कापावं. एकदम बुडापर्यंत कापलं की गवताची अन्न बनवण्याची ताकद जाते, मुळं आखूड होतात आणि माती उघडी पडून तणाला उजेड मिळतो. बारीक कापलेली पाती तिथेच राहू दिली तर ती कुजून वर्षभराच्या नत्राचा सुमारे चौथा हिस्सा जमिनीला परत देतात. अपवाद एकच : तणाला बी धरलं असेल तर कापलेलं सगळं उचलावं.

आंब्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीलगत ऊन सहा तासांपेक्षा कमी असेल तर हरळी तिथे कधीच दाट होणार नाही, खत कितीही घाला. अशा जागी सावलीतली झाडं लावणं शहाणपणाचं.

बाकी लॉनसाठी वर्षात तीनच तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवा : मार्चचा पहिला आठवडा, मृगानंतरचा वाफसा आणि हस्ताची उघडीप. प्रत्येक तारखेला आधी खुरपणी, मग खत, मग पाणी. एवढा क्रम दोन वर्षं पाळलात तर तणनाशकाच्या दुकानाची पायरी चढायची वेळ बहुधा येणार नाही.